डिकी नको, दार दाखवा: व्हीलचेअर वापरणाऱ्या एका चालक बाईंनी गाडी कशी निवडली

शोरूममधल्या तरुणानं सगळ्यात आधी डिकी उघडली. मागची सीट सपाट करून दाखवली आणि बाईंच्या भावाकडे बघत म्हणाला, "व्हीलचेअर अगदी आरामात मावेल, सर."

बाईंनी विचारलं, "मावेल हो. पण खुर्ची इथं मागे ठेवल्यावर मी पुढच्या दारापर्यंत येऊ कशी?"

त्याला उत्तर सुचेना. भाऊही गप्प. मी शेजारीच उभी होते. वीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे अपंगत्व आलेल्यांना रोजची कामं पुन्हा जमवून देण्याचं काम केलंय, पण गाडी पाहताना हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मी कधी विचारला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही कुठेही गेलो की बाई आधीच सांगून टाकायच्या, "डिकी नको, दार दाखवा." पुढच्या सात महिन्यांत आम्ही अकरा गाड्या पाहिल्या आणि त्यांतल्या चार नीट तपासल्या. तो सगळा प्रवास बाईंच्या परवानगीनं, त्यांचं नाव न घेता इथं लिहिते आहे. व्हीलचेअरवरून गाडी चालवू पाहणाऱ्या कुणाला आमची वजाबाकी उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

बाई, त्यांची खुर्ची आणि त्यांचा खांदा

बाई बेचाळीस वर्षांच्या, पेशानं शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी एका अपघातात पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली. बेंबीच्या खाली संवेदना नाही, पायांत ताकद नाही. हात मात्र भक्कम, पकड उत्तम. पोटाचे वरचे स्नायू थोडे काम करतात, त्यामुळे आधाराशिवाय बसता येतं. पण अचानक वळण आलं की धड कलतं. पायांना अधूनमधून झटके येतात. बिछान्यावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर असं सगळं ट्रान्सफर त्या स्वतःचं स्वतः करतात.

अपघातापूर्वी त्या रोज गाडी चालवायच्या. नंतरची नऊ वर्षं भाऊ नेत-आणत होता. भावाची नोकरी बदलली आणि प्रश्न ऐरणीवर आला.

आमच्या पहिल्या भेटीत बाई हँड कंट्रोलबद्दलच, म्हणजे पेडल हातानं चालवायच्या यंत्रणेबद्दलच बोलत होत्या. हातानं ब्रेक कसा लागतो, एकाच हातानं वळण कसं घेतात, जमेल का, भीती वाटते का. ही काळजी स्वाभाविक आहे, पण सगळ्यात सोपा भाग तोच. हातानं गाडी चालवणं ही नवी गोष्ट नाही. 1921 साली आजारपणात पायांतली ताकद गमावलेले अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 1936 ची फोर्ड फेटन हँड कंट्रोलवर चालवत. ती गाडी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावी, त्यांच्या संग्रहालयात आजही आहे. फॉर्म्युला वनचे क्ले रेगाझोनी 1980 साली लाँग बीचच्या शर्यतीत जायबंदी झाले, कमरेखाली अधू झाले, आणि पुढे हँड कंट्रोल लावून पॅरिस-डकार रॅलीत उतरले. चांगले हात असलेला माणूस योग्य शिकवणीनंतर हातानं उत्तम गाडी चालवतो. याबद्दल मला तरी शंका नाही.

माझी शंका वेगळी होती. मी बाईंना खांदा दाखवायला सांगितलं. दाराच्या बाजूला येणारा हात बाजूनं वर उचलताना अर्ध्या वाटेत त्यांचा चेहरा बदलला. "रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही," त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षं चाकं ढकलणाऱ्या माणसांत खांद्याचं दुखणं फार आढळतं. खांद्याचा सांधा वजन पेलण्यासाठी घडलेलाच नाही आणि खुर्चीवरच्या माणसाला तो पायासारखा वापरावा लागतो. तोही गेला तर नुसती गाडी जात नाही, बिछान्यातून उठणंही जातं.

मी कागदावर हिशेब मांडला. कामाला जायचं म्हणजे घरी खुर्ची आत घ्यायची, कामावर बाहेर काढायची, संध्याकाळी पुन्हा आत, घरी पुन्हा बाहेर. दिवसाला चार उचली. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर हजार उचली, त्याही बसल्या जागी, हात लांब करून, अंगावरून पलीकडे. तितकीच ट्रान्सफर वेगळी. बाईंनी तो आकडा बराच वेळ पाहिला. "म्हणजे गाडी मला नाही, माझ्या खांद्याला पसंत पडली पाहिजे," त्या म्हणाल्या. पुढचं प्रत्येक "नको" आम्ही याच वाक्यावर ठरवलं.

उंच गाडीचा मोह

घरच्यांचं, मित्रांचं, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: उंच गाडी घ्या. आत चढायला सोपी, रस्ता चांगला दिसतो. गुडघे दुखणाऱ्या पण उभं राहू शकणाऱ्या माणसासाठी हा सल्ला बरोबर आहे. तो सीटला पाठ टेकवतो आणि नुसता बसतो. उभं राहता न येणाऱ्या माणसाला मात्र स्वतःचं सगळं वजन दोन हातांवर उचलून त्या उंचीवर न्यायचं असतं.

टेप घेऊन आम्ही आधी बाईंची खुर्ची मोजली. उशी त्यांच्या वजनानं दबल्यावर बसण्याची उंची जमिनीपासून 50 सेंटिमीटर. (हे माप रिकाम्या खुर्चीचं घेऊ नये, माणूस बसलेला असताना घ्यावं; आमच्या बाबतीत त्यात चार सेंटिमीटरचा फरक निघाला.) उंच गाडीची सीट भरली 72. म्हणजे 22 सेंटिमीटरचा चढ.

तरी बाई चढल्या. पहिल्यांदा खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये सरकायची फळी लावून, दुसऱ्यांदा फळीशिवाय. भाऊ खूश झाला. मी म्हटलं, "आणखी तीनदा करा." चौथ्या वेळी त्यांची मूठ सीटवर टेकली, कोपर सरळ झालं, अंग वर आलं आणि निम्म्यात थांबलं. नितंब सीटच्या कडेवर, पाय खाली लोंबकळलेले, खांदा कानाला भिडलेला. भाऊ धावला, मी मागून धरलं. खाली आल्यावर बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, एकटीच असते तर?"

ती गाडी तिथंच सुटली. यात माझी एक चूक मला सांगायची आहे. त्याआधीच्या दोन गाड्यांत मी एकेकदाच ट्रान्सफर करून पाहिलं होतं, आणि तेही सकाळी, ताज्या दमानं, शोरूमच्या गुळगुळीत सपाट फरशीवर. ती तपासणी अर्धवट होती. यानंतर आम्ही नियमच केला: प्रत्येक गाडीत लागोपाठ पाच वेळा आत-बाहेर, आणि आवडली तर एकदा दिवसभराच्या कामानंतर, थोड्या उतारावर. जी गाडी पाचव्या खेपेला नको वाटते ती रोजच्या आयुष्यात टिकणार नाही.

बुटकी गाडी आणि चढाचा प्रश्न

उंचीचा धसका घेऊन आम्ही थेट उलट टोकाला गेलो. लांब, बुटकी सेडान. सीटची उंची 44, म्हणजे खुर्चीपेक्षा सहा सेंटिमीटर खाली. बाई अलगद आत सरकल्या. चालवण्याची बैठकही सुंदर होती. दोघींनाही वाटलं, सापडली.

बाहेर येताना खरं कळलं. आत शिरताना उतार होता, म्हणजे बाहेर पडताना तेवढाच चढ. आणि हा चढ वाईट जातीचा. सीट खोलगट, दोन्ही कडा उचललेल्या, डोक्यावर छताची उतरती कड. ट्रान्सफर करताना डोकं ज्या दिशेला झुकतं त्याच्या उलट दिशेला नितंब जातात. शरीर तराजूसारखं चालतं. बाहेर पडायचं तर डोकं गाडीच्या आत, खाली झुकवावं लागतं. तिथं स्टिअरिंग आडवं येतं. बाईंनी जोर लावला तेव्हा समोरची खुर्ची ब्रेक लावलेली असूनही बोटभर सरकली.

त्या संध्याकाळी एक गोष्ट आम्हाला लख्ख समजली. सीट खुर्चीच्या बरोबर उंचीची असेल तर उत्तमच. पण तशी तंतोतंत गाडी मिळणं अवघड, आणि फरक असला की दोन बाजूंपैकी एका बाजूला चढ येणारच. तो टाळता येत नाही, फक्त कुठं ठेवायचा ते ठरवता येतं. बाईंनी ठरवलं, चढ आत शिरताना हवा. तेव्हा ज्यावर चढायचं ती गाडी असते, जड आणि जागची न हलणारी. स्टिअरिंगचा आधार असतो, छताचं हँडल असतं. बाहेर येताना मात्र खुर्चीत उतरायचं असतं आणि खुर्ची हलू शकते. हे मत बाईंच्या शरीराचं आहे. उंच धडाच्या किंवा जास्त वजनाच्या माणसाचा निर्णय उलट असू शकतो, आणि तोही बरोबरच असेल.

आमचं लक्ष्य आता आकड्यांत आलं: सीट 52 ते 57 सेंटिमीटरच्या मध्ये.

दाराचं माप

उंचीनंतर दार. इथं सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो वाया गेला नाही.

दार किती उघडतं, याला काही अर्थ नाही. उघडल्यावर खुर्ची किती आत घुसते, याला आहे. बहुतेक गाड्यांचं पुढचं दार काटकोनापर्यंत जात नाही. खुर्ची त्या कोनात तिरकी लावायची, पुढची छोटी चाकं उंबऱ्याला जवळजवळ टेकेपर्यंत. मग मोजायचं: खुर्चीच्या उशीच्या कडेपासून गाडीच्या सीटच्या कडेपर्यंत आडवी दरी किती? बुटक्या सेडानमध्ये ती 27 सेंटिमीटर होती, कारण उंबरा रुंद होता. उंच गाडीत 30. नंतर घेतलेल्या गाडीत 18. दहा सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण त्या दरीवरून स्वतःला दोन हातांवर तोलून नेताना तो फरक म्हणजे सरकणं आणि उडी मारणं यांतला फरक.

दुसरं माप चालकाच्या मागच्या खांबाचं. सीट मागे घेतली की ती खांबाच्या आड जाते आणि दाराची खरी रुंदी कमी होते. म्हणूनच खुर्ची वापरणारे अनेक चालक दोन दारांच्या गाड्या पसंत करतात: दार लांब, खांब मागे. बाईंनाही ती कल्पना आवडली होती. पण लांब दार पूर्ण उघडायला शेजारी जागा लागते. दार आणि खुर्ची मिळून बाजूला सव्वा ते दीड मीटर मोकळं हवं. पार्किंगमध्ये कुणी खेटून गाडी लावली की लांब दाराचा फायदाच तोटा होतो. बाईंच्या रोजच्या दोन्ही ठिकाणी राखीव रुंद जागा एकच, आणि ती मोकळी मिळेल याची खात्री नाही. दोन दारांची कल्पना सोडली.

आणि खटका. दार बंद झाल्यावर ज्यात अडकतं ती लोखंडी कडी मागच्या खांबावर, अगदी नितंबाच्या उंचीवर असते. तिसऱ्या गाडीच्या चाचणीत बाई पाच वेळा आत-बाहेर झाल्या, हसत घरी गेल्या. रात्री भावाच्या बायकोचा फोन आला. कपडे बदलताना मांडीच्या मागे चार बोटं लांबीचं खरचटलेलं दिसलं होतं, कपड्याला रक्त लागलेलं. बाईंना काहीच जाणवलं नव्हतं. संवेदना नसलेल्या त्वचेला झालेली जखम भरायला आठवडे जातात, आणि बसण्याच्या जागी असली तर तेवढे आठवडे पालथं पडून काढावे लागतात. ही मांडीच्या कडेला होती, बारा दिवसांत भरली. तेव्हापासून गाडीत जाड फोमची पट्टी आहे. ट्रान्सफरच्या आधी ती खटका आणि उंबऱ्यावर टाकायची, मग काढून दाराच्या खणात. गाडी पाहायला जाणाऱ्या प्रत्येकानं घरून एक जाड टॉवेल न्यावा, आणि घरी आल्यावर आरशात त्वचा पाहावी. हे मी आता प्रत्येकाला बजावून सांगते.

त्वचेवरून आठवलं: गरम होणाऱ्या सीटचं बटण. सुखसोय म्हणून ते मिरवलं जातं. संवेदना नसलेल्या माणसाला त्यानं खरोखर भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बाईंच्या गाडीत ते आहे, पण चालकाच्या सीटपुरतं कायमचं बंद करून घेतलं आहे.

खुर्ची कुठं ठेवायची

खुर्ची डिकीत नेणारा विजेचा हात मिळतो. शेजारी कुणी असेल, किंवा गाडीला धरून दोन पावलं चालता येत असतील तर तो छान. बाईंसाठी निरुपयोगी. छतावरच्या पेटीत खुर्ची ओढून घेणारं यंत्रही असतं, खांदा पूर्ण वाचवतं. पण छताची उंची वाढल्यानं कमी उंचीच्या पार्किंगमध्ये गाडी शिरत नाही. रॅम्पवरून खुर्चीसकट आत जाऊन खुर्चीतूनच चालवता येईल अशा मोठ्या गाड्याही असतात. ज्यांना ट्रान्सफर जमत नाही किंवा ज्यांची खुर्ची विजेवरची, जड आहे, त्यांच्यासाठी तोच मार्ग, आणि तो कमी प्रतीचा अजिबात नाही. मात्र मग खुर्चीच गाडीची सीट होते. ती टक्करीत टिकायला हवी, म्हणजे आयएसओ 7176-19 या मानकात बसणारी, आणि जमिनीला पक्की जखडता येणारी. बाईंची खुर्ची त्यात बसणारी नव्हती. शिवाय त्यांना ट्रान्सफर उत्तम जमत होतं. तो पर्याय आम्ही बाजूला ठेवला, पण वहीत त्याचं पान राखलं.

राहिला जुना, साधा मार्ग. चालकाच्या सीटवर बसायचं, खुर्चीची चाकं काढायची, सांगाडा अंगावरून शेजारच्या सीटवर.

बाईंची तेव्हाची खुर्ची घडीची होती, 15 किलोची. तिची घडी घालून उभी केली तरी स्टिअरिंग आणि छाती यांच्यामधून ती जाईना. तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, गाडी ठरवायच्या आधी खुर्ची बदलावी लागेल." त्यांना ते पटायला वेळ लागला, नऊ वर्षांची सोबत होती ती. शेवटी घडी न होणारी, एकसंध चौकटीची खुर्ची घेतली. मधलं बटण दाबलं की चाकं निघतात, पाठ पुढे दुमडते, उरलेल्या सांगाड्याचं वजन सात किलो.

नवी खुर्ची आली आणि गाड्यांची यादीच बदलली. आता माप होतं छाती ते स्टिअरिंग. सांगाडा जायला सीट पूर्ण मागे, पाठ थोडी कललेली आणि स्टिअरिंग वर-आत ढकललेलं हवं. पण ट्रान्सफरसाठी सीट थोडी पुढे हवी, नाहीतर खांब आड येतो. आणि चालवण्यासाठी तिसरीच जागा. हातानं खटका ओढून सरकवायच्या सीटवर पायांचा जोर नसलेल्या माणसाला हे तीनदा करणं म्हणजे स्टिअरिंगला लोंबकळत स्वतःला ओढणं. पुन्हा तोच खांदा.

इथं निर्णय झाला असं मी म्हणेन. विजेवर हलणारी, जागा लक्षात ठेवणारी सीट. एक बटण ट्रान्सफरसाठी, दुसरं खुर्ची आत घेण्यासाठी, तिसरं चालवण्यासाठी. शिवाय तिची उंची पाच सेंटिमीटर वर-खाली होत होती, म्हणजे आमच्या 52 ते 57 या पट्ट्यात ती गाडी आपसूक बसली. ज्याला कॅटलॉगमध्ये चैनीची सोय म्हणतात ती इथं पायांच्या जागी उभी होती. बाईंनी त्यासाठी मोठा पडदा, छतावरची काच, चांगले स्पीकर, सगळ्यावर पाणी सोडलं.

हँड कंट्रोल गाडीच्या आधी पाहावं

गाडी जवळजवळ ठरली होती तेव्हा आम्ही हँड कंट्रोल बसवणाऱ्या कारागिराला बोलावलं. खरं तर त्याला आधीच बोलवायला हवं होतं. तो स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवा झाला आणि पहिला प्रश्न विचारला, "गुडघ्याची एअरबॅग आहे का?"

हँड कंट्रोलचा कंस स्टिअरिंगच्या खाली बसतो, आणि तिथूनच दांड्या पेडलकडे जातात. गुडघ्याची एअरबॅग नेमक्या त्याच जागेतून फुटते. दोन्ही एकत्र नांदतीलच असं नाही, आणि एअरबॅग आपल्या मनानं काढायची नसते. आमच्या यादीतली दुसऱ्या क्रमांकाची गाडी याच कारणानं बाद झाली. पहिलीत ती एअरबॅग नव्हतीच.

बाईंनी ढकला-ओढा पद्धत निवडली: दांडा पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. मला ती आवडते, कारण टक्करीत अंग पुढे फेकलं गेलं तर हात ब्रेककडेच जातो. दुसऱ्या पद्धतीत वेगासाठी दांडा मांडीकडे खाली दाबतात. हात कमी थकतो, पण मांडी आणि स्टिअरिंगमध्ये जागा लागते, आणि बाईंच्या मांड्यांवर ती तीन बोटंच उरत होती. पकड कमजोर असलेल्यांसाठी स्टिअरिंगवरचं कडं दाबून वेग देणारी इलेक्ट्रॉनिक सोय असते. बाईंना तिची गरज नव्हती.

कारागिरानं एक युक्ती केली ती मी तेव्हापासून सगळीकडे वापरते. पुठ्ठ्याची नळी घेऊन जिथं दांडा येणार तिथं चिकटपट्टीनं लावली आणि बाईंना म्हणाला, "ताई, आता आत बसून दाखवा." बसता आलं. पण पाय हातानं उचलून आत घेताना गुडघा नळीवर आदळला आणि ती वाकली. खरा दांडा वाकला नसता, गुडघा सुजला असता. दांडा चार सेंटिमीटर आत सरकवून आणि तिरका करून बसवायचं ठरलं. तेवढ्याच वेळात त्यानं बाईंची छाती ते स्टिअरिंगच्या मध्यापर्यंतचं अंतरही मोजलं. एअरबॅग सुरक्षितपणे फुटायला किमान 25 सेंटिमीटर लागतात. 29 भरलं.

बाकीच्या गोष्टी भराभर ठरल्या. ऑटोमॅटिक गिअर तर पहिल्या दिवसापासूनच. पायानं दाबायचा पार्किंग ब्रेक बाद, बटणाचा हवा. चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय हवी, कारण एका हातात ब्रेक आणि वेग दोन्ही असतात. स्टिअरिंगवर काढता-घालता येणारी गोल मूठ, कारण दुसऱ्या हाताला एकट्यानं वळवायचं असतं. इंडिकेटर आणि हॉर्नची बटणं दांड्याच्या डोक्यावर. झटका आला तर पाय पेडलवर जाऊ नये म्हणून पेडलसमोर उलगडणारा पत्रा. भाऊ चालवेल तेव्हा तो दुमडून ठेवायचा. वळणावर धड कलतं त्यासाठी नेहमीच्या पट्ट्याच्या जोडीला छातीवरून एक रुंद पट्टा. परवान्याची, तपासणीची, विम्याची पूर्तता जिथल्या तिथल्या नियमांप्रमाणे. ती कामाला हात लावण्याआधी करावी, कारण बसवलेली यंत्रणा विम्याच्या कागदावर नसेल तर अपघातानंतर वाद उभा राहतो.

विजेच्या गाडीचा विषयही निघाला होता, आणि बाईंचा तिकडे ओढा होता. वेगाचा दांडा सोडताच गाडी मंदावते, त्यामुळे ब्रेक ढकलण्याचे कष्ट बरेच वाचतात. घरीच चार्ज होते. इंधनासाठी वाटेत उतरण्याचं एक ट्रान्सफर टळतं. पण आम्ही पाहिलेल्या गाडीत बॅटरीमुळे पायाखालची जमीन उंच होती, गुडघे वर यायचे, मांड्या सीटवरून उचलल्या जायच्या आणि सगळा भार बसण्याच्या दोन हाडांवर. अर्ध्या तासात त्वचा लाल झाली. दुसरी एखादी विजेची गाडी कदाचित जमली असती. ही जमली नाही.

आठ महिन्यांनंतर

बाईंनी मध्यम उंचीची, पाच दारांची, पेट्रोलवरची ऑटोमॅटिक घेतली. सहा आठवडे हँड कंट्रोलवर शिकवणी झाली, परीक्षा झाली. पहिल्या आठवड्यात खुर्चीतून निघून गाडी सुरू करेपर्यंत साडेसहा मिनिटं लागायची. आता तीनच्या आत होतं.

मी परवा त्यांच्यासोबत पार्किंगमध्ये उभी राहून पाहिलं. खुर्ची कोनात, ब्रेक, फोमची पट्टी. एक मूठ सीटवर, दुसरी चौकटीवर, डोकं खाली, आणि अंग आत. पाय एकेक करून पँटला धरून उचलले. पहिलं चाक काढून मागच्या सीटखाली, दुसरं त्याच्यावर, उशी शेजारी. बटण दाबलं, सीट मागे गेली. सांगाडा आधी मांडीवर टेकवला, क्षणभर तिथंच विसावू दिला, मग पलीकडे. ते मधलं विसावणं मीच शिकवलं होतं, एका दमात उचलू नये म्हणून. त्यांनी ते अंगात मुरवून घेतलं आहे.

सगळं जमलं असं नाही. पावसात त्या निम्म्या भिजतात, कारण दार तेवढा वेळ उघडं असतं. शेजारी कुणी गाडी खेटून लावली तर अजूनही ती हटेपर्यंत वाट पाहावी लागते. एकदा पन्नास मिनिटं थांबल्या. खांद्याचं दुखणं वाढलेलं नाही, पण गेलेलंही नाही. दर तीन महिन्यांनी मी तो हात तितकाच वर उचलायला सांगते आणि कोन टिपून ठेवते. तो कमी होऊ लागला तर रॅम्पच्या गाडीचं राखलेलं पान उघडायचं, हे आमच्यात ठरलेलं आहे. बाईंनीच मागच्या वेळी वहीत त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.